रुब्रीनचे पातळ स्फटिक आणि सोलापुरात बनलेली दोन झोनची ट्यूब फर्नेस

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपकडून बनवून मिळणारी ही आडवी ट्यूब फर्नेस, म्हणजे नळीच्या आकाराची विजेची भट्टी, सेंद्रिय अर्धवाहकांचे (कार्बनी रेणूंच्या सेमीकंडक्टरचे) स्फटिक वाफेतून वाढवण्यासाठी घ्यावी का? घ्यावी. मात्र आतल्या तापमानाचा उतार स्वतः मोजल्याशिवाय ताबा घेऊ नका आणि पॅनेलमधले दोन बदल ऑर्डरमध्येच लिहून घ्या. ते झालं तर रुब्रीन, टेट्रासीन, अँथ्रासीन या अर्धवाहकांसाठी महागड्या तयार फर्नेसपेक्षा ही जास्त उपयोगी पडते. पदव्युत्तर प्रकल्पासाठी किंवा कॉलेजच्या संशोधन प्रयोगशाळेसाठी जे कोणी असं यंत्र शोधत असतील, त्यांच्यासाठी हा सविस्तर अभिप्राय.

आधी यंत्र काय आहे ते. २५-२५ से.मी.चे दोन झोन, प्रत्येकाला वेगळी कांथल तारेची गुंडाळी, सुमारे ५०० वॅटची. आतलं भोक ६० मि.मी., त्यात ५० मि.मी. बाहेरील व्यासाची, एक मीटर लांबीची क्वार्ट्झ नळी. बाहेरून सेरॅमिक वूल आणि पत्र्याचं आवरण. दोन पीआयडी कंट्रोलर (तापमान ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारे), के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंची तार), एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले). कमाल तापमान ६०० अंश. इतकंच.

हे ६०० अंश ऐकून बरेच जण नाक मुरडतात, कारण बाजारात १२०० अंशांची फर्नेस सहज मिळते आणि ‘पुढे कामाला येईल’ म्हणून तीच घेतली जाते. या कामासाठी ती चुकीची निवड आहे. रुब्रीनचा सोर्स, म्हणजे उडवायची पावडर, साधारण २८० ते ३२० अंशांवर ठेवायचा असतो आणि स्फटिक त्याहून पन्नास-ऐंशी अंश थंड जागी वाढतात. १२०० अंशांसाठी बांधलेल्या भट्टीत विटांचं, इन्सुलेशनचं वस्तुमान भरपूर असतं. २९० वर सेट केली की ती ३१० पर्यंत उसळते आणि खाली यायला तास-तास घेते. त्या उसळीत रुब्रीनचा लोट एकदम सुटतो, भिंतीवर शेकडो बारीक स्फटिकबीजं एकदम धरतात आणि पुढे कितीही सावकाश चालवलं तरी मोठा, सपाट पत्रा मिळत नाही. हलक्या इन्सुलेशनची, कमी वॅटची भट्टी इथे वरचढ ठरते. या फर्नेसमध्ये ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःची सेटिंग जुळवून घेणं) नेहमीच्या कामाच्या तापमानावर, म्हणजे २९० च्या आसपास, गॅस चालू ठेवून केलं तर उसळ दोन-तीन अंशांत राहते. वर्कशॉपवाले ऑटोट्यून ५०० वर करून देतात. ते प्रयोगशाळेत आल्यावर पुन्हा करावंच लागतं.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे तापमानाचा उतार. वाफेतून स्फटिक वाढवण्याची ही पद्धत १९९८ मध्ये बेल लॅबमधल्या लॉडाइझ, क्लॉक आणि सहकाऱ्यांनी सेंद्रिय अर्धवाहकांसाठी मांडली, आणि मांडणी आजही तीच आहे: गरम टोकाला पदार्थ उडतो, आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू ती वाफ पुढे नेतो, थंड होत जाणाऱ्या नळीत योग्य जागी ती स्फटिक बनून बसते, आणि अशुद्धी आपापल्या वाफदाबाप्रमाणे मागे किंवा पुढे राहतात. हे सगळं होण्यासाठी तापमान एकसारखं उतरत गेलं पाहिजे. मधेच खड्डा पडला की काम बिघडलं.

या फर्नेसमध्ये नेमका तो खड्डा आहे. दोन गुंडाळ्यांच्या मधे तारेविना सुटलेली जागा आहे, आणि तिथे वूलही पातळ बसवलेलं असतं. सोर्स झोन २९० आणि वाढीचा झोन २१० वर लावून, १.५ मि.मी. जाडीचं शीथ असलेलं थर्मोकपल बाहेर पडण्याच्या टोकाने आत सरकवत दर २ से.मी.वर वाचन घेतलं, की चित्र स्पष्ट होतं. सोर्सच्या बाजूच्या टोकापासून ८ ते २० से.मी. पर्यंत तापमान सपाट आहे, हे उत्तम. २४ से.मी.ला ते २७२, २६ ला २५८, आणि त्यापुढे परत २६३. तो पाच अंशांचा चढ कागदावर क्षुल्लक दिसतो. पण वाफेला २६ से.मी.लाच पहिली थंड जागा सापडते, तिथे जाड, एकावर एक चढलेल्या स्फटिकांचं कडं तयार होतं आणि पुढच्या भागात, जिथे पातळ पत्रे हवे असतात, तिथे फारसं काही पोचत नाही.

उपाय साधा आहे आणि इथल्या लेथवर तासाभरात होतो. ५६ मि.मी. बाहेरील, ५२ मि.मी. आतील व्यासाची, १२ ते १४ से.मी. लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी भट्टीचं भोक आणि क्वार्ट्झ यांच्यामध्ये, त्या सांध्यावर मध्य येईल अशी सरकवायची. अ‍ॅल्युमिनियम उष्णता आडवी पसरवतं, खड्डा भरून निघतो आणि उतार दर से.मी.ला सुमारे चार अंश असा सलग मिळतो. नळी याहून लांब घेऊ नका. उतारच पुसला जातो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून रिकामी क्वार्ट्झ नळी भाजून साफ करताना ही नळी काढून ठेवायची. नवीन ऑर्डर देणाऱ्यांनी वर्कशॉपला सांगावं की दोन गुंडाळ्यांमधली जागा १ से.मी.च्या आत ठेवा आणि शेवटच्या दोन-तीन वेढ्यांचं अंतर कमी करा. सांगितलं तर करून देतात. आपणहून करत नाहीत.

पॅनेलचे दोन बदल. पहिला, थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंतची वायर. आमच्या माहितीतल्या एका पॅनेलमध्ये साधी तांब्याची वायर जोडून दिलेली निघाली. भट्टीलगत थर्मोकपलचं हेड ६० अंशांवर आणि पॅनेलच्या आत ४० अंश असेल, तर कंट्रोलर २० अंश कमी दाखवतो, म्हणजे प्रत्यक्ष भट्टी २० अंश जास्त गरम असते. २९० समजून ३१० वर रुब्रीन जळवण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि दोष मात्र पावडरला दिला जातो. के-टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबलच (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची) हवी, आणि तिचे धन-ऋण टोक दोन्हीकडे तपासून घ्यायचे. दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक वरच्यापेक्षा दुप्पट होते, आणि वाचन वरवर ठीकच वाटत असल्याने ती कळतही नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, बंद पत्र्याच्या पॅनेलमध्ये त्याहून वर. पॅनेल भट्टीच्या खाली न बसवता बाजूला, निदान अर्धा मीटर दूर ठेवा आणि त्याला एक छोटा पंखा द्या.

दुसरा बदल सुरक्षेचा. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे कंट्रोलरने ‘बंद’ सांगितलं तरी हीटर चालूच राहतो. रात्रभर चालणाऱ्या यंत्रात हे चालणार नाही. स्वतंत्र थर्मोकपल असलेला ओव्हर-टेंपरेचर कंट्रोलर आणि त्याच्या ताब्यात मुख्य लाइनवर एक कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा मोठा स्विच), असं वेगळं सर्किट मागून घ्या. खर्च थोडा वाढतो. तो टाळण्यासारखा नाही.

वीजपुरवठ्याचाही इथेच हिशेब करावा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते; २३० चे २०० झाले की ५०० वॅटचे ३७८ वॅट उरतात. कंट्रोलर ते सांभाळून घेतो, पण यंत्रमागांच्या भागात लाइन सारखी वरखाली होत असेल तर एक सर्व्हो स्टॅबिलायझर लावलेला बरा. वीज पूर्ण गेली तर मात्र स्फटिकांचं नुकसान होतं: दोन्ही झोन वेगवेगळ्या वेगाने थंड होतात आणि नळीत तरंगणारी वाफ तयार स्फटिकांच्या पृष्ठभागावर भुकटी होऊन बसते. या स्फटिकांवर ट्रान्झिस्टर बनवतात आणि त्याचा सगळा प्रवाह पृष्ठभागालगतच्या काही थरांतूनच वाहतो, त्यामुळे असा स्फटिक उपकरणासाठी निकामी. तापमान स्थिरावल्यावर ही भट्टी पूर्ण १००० वॅट खात नाही, त्यामुळे २ केव्हीएचा साइन-वेव्ह इन्व्हर्टर पुरतो.

वर्कशॉप आग्रहाने नळीच्या टोकांसाठी पाण्याने थंड होणारे फ्लँज (झाकणं) गळ्यात मारू पाहतं. घेऊ नका. एक मीटर नळीची दोन्ही टोकं भट्टीबाहेर वीस-वीस से.मी. असतात आणि ३०० अंशांवर ती हाताला जेमतेम कोमट लागतात. व्हायटन रबराची ओ-रिंग (सील करणारी गोल कडी) २०० अंशांपर्यंत टिकते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात स्फटिकवाढ पाण्याच्या प्रवाहावर टांगून ठेवण्याचं काहीच कारण नाही. हे पैसे गॅसलाइनवर लावा. ओ-रिंग मात्र सिलिकॉन रबराची नको. सिलिकॉनमधून ऑक्सिजन आणि बाष्प सहज झिरपतं. त्याच कारणाने सिलिकॉन रबराची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) नळीही नको. सिलिंडरपासून फ्लँजपर्यंत पाव इंची स्टेनलेस स्टीलची नळी, फेरूलची जोडणी, मध्ये ऑक्सिजन आणि बाष्प शोषणारा ट्रॅप. वर्कशॉप जी पारदर्शक निळी पीयू नळी जोडून देतं ती हवेच्या कॉम्प्रेसरसाठी ठीक आहे.

आर्गॉन ९९.९९९ टक्क्यांचा घ्या. ७ घनमीटरचा सिलिंडर ५० मि.लि. प्रतिमिनिटाने वापरला तर दिवसाला ७२ लिटर जातो, म्हणजे गळती नसेल तर तीन महिन्यांहून जास्त पुरतो. पंधरा दिवसांत संपला तर कुठेतरी गळतंय. यंत्रासोबत येणारं रोटामीटर (वायूचा प्रवाह दाखवणारं) हवेसाठी आखलेलं असतं. आर्गॉन जड असल्याने खरा प्रवाह वाचनाच्या सुमारे ०.८५ पट येतो. नेमका आकडा हवा असेल तर ब्युरेटमध्ये साबणाचा पडदा सोडा: ५० मि.लि. प्रतिमिनिटाला १० मि.लि. चढायला १२ सेकंद लागले पाहिजेत. हीच मोजणी फर्नेसच्या आत जाण्याआधी आणि बाहेर पडल्यावर केली की गळतीही कळते. बाहेरच्या टोकाला तेलाचा बबलर आणि त्याच्या अलीकडे एक रिकामी बाटली लावावीच. थंड होताना गॅस बंद पडला तर नळीतली हवा आकसते आणि तेल उलटं आत ओढलं जातं. रिकामी बाटली ते अडवते.

नळीची आतली रचना वर्कशॉपला माहीत नसते, ती आपणच ठरवायची. ५० मि.मी.च्या नळीत थेट स्फटिक वाढवू नका. इतक्या रुंद नळीत गरम हवा वर आणि थंड हवा खाली असे भोवरे फिरतात. २५ मि.मी. आतील व्यासाच्या, दहा-दहा से.मी. लांबीच्या क्वार्ट्झच्या छोट्या नळ्या एकापुढे एक लावा. प्रत्येक तुकडा वेगळा बाहेर काढता येतो आणि कोणत्या तापमानाला काय बसलं ते लगेच कळतं. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: आतल्या आणि बाहेरच्या नळीमधल्या पोकळीचं क्षेत्रफळ आतल्या नळीच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे बराचसा आर्गॉन बाहेरूनच निघून जातो. आत येण्याच्या टोकाला या पोकळीत क्वार्ट्झ वूल भरून वाट बंद करा. मग ५० मि.लि. म्हणजे खरंच आतून ५० मि.लि., गरम भागात मिनिटाला वीसेक से.मी. वेगाने.

नळ्यांची सफाई: टोल्युइनने जुनं रुब्रीन विरघळवायचं, मग अ‍ॅसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ओव्हनमध्ये सुकवणं आणि शेवटी फर्नेसमध्येच ५०० अंशांवर हवा सोडून भाजणं. या शहराच्या हवेत सुताचे बारीक तंतू भरपूर असतात. एक तंतू नळीत राहिला की त्याच्याभोवती सुयांचा झुपका उगवतो. म्हणून धुतलेली नळी कापडाने, आणि टॉवेलने तर मुळीच, पुसायची नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची.

रुब्रीन विकत घेतलेलं ‘शुद्ध’ असलं तरी याच फर्नेसमध्ये एकदा, शक्यतो दोनदा उडवून शुद्ध करा. मग १०० मि.ग्रॅ. क्वार्ट्झच्या बोटीत घालून सपाट भागात, १४ से.मी.च्या आसपास ठेवा. थंड स्थितीत दोन तास २०० मि.लि.ने आर्गॉन सोडा, मग प्रवाह ५० मि.लि.वर आणा, दोन्ही झोन १५० अंशांवर एक तास धरा म्हणजे ओल आणि उरलेलं द्रावक निघून जाईल. त्यानंतर आधी वाढीचा झोन २१० वर स्थिर करा आणि मगच सोर्स २९० वर न्या. हा क्रम उलटा केला तर थंड भिंतीवर पहिल्या दहा मिनिटांतच भुकटीचा थर बसतो. खोलीतला पांढरा दिवा बंद, खिडक्यांना पिवळी फिल्म: प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की रुब्रीनचं रंगहीन एन्डोपेरॉक्साइड (ऑक्सिजन जोडला गेलेलं संयुग) होतं. द्रावणात ते फार झपाट्याने होतं, स्फटिकात पृष्ठभागावर हळूहळू.

जाडी कशाने ठरते, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सोर्स उडण्याच्या उंबरठ्यावर ठेवून दोन दिवस सावकाश चालवलं तर उत्तम प्रतीचे, पण दहा-वीस मायक्रॉन जाड, लांबट स्फटिक मिळतात. एक मायक्रॉनच्या आतले पत्रे हवे असतील तर प्रवाह ८०-१०० मि.लि. पर्यंत वाढवून काही तासांतच थांबवायचं. स्फटिक आडवे पसरलेले असतात पण जाडीत भरायच्या आत वाढ थांबते. ते उताराच्या थोड्या थंड भागात, भिंतीपासून सुटे उभे असलेले सापडतात. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत मागू नयेत. या फर्नेसवर अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवल्यानंतर दुसऱ्या प्रकारचे पत्रे २३० ते २४५ अंशांच्या पट्ट्यात भरवशाने येतात. त्याच्याही पुढे, थंड टोकाला, फिकट पिवळसर कडं दिसतं. ती बाहेर फेकलेली अशुद्धी. ते कडं दिसलं नाही तर एकतर पावडर फारच शुद्ध आहे किंवा प्रवाह चुकीच्या वाटेने जातोय.

भट्टी बंद करताना गॅस चालू ठेवून, सोर्स आधी उतरवून, मग दोन्ही झोन तासाला वीसेक अंशांनी खाली आणा. कंट्रोलरमध्ये रॅम्प-सोक प्रोग्रॅम (ठरलेल्या वेगाने तापमान बदलणारा आणि धरून ठेवणारा) असलेलं मॉडेल मागा. साध्या मॉडेलमध्ये हे हाताने करत बसावं लागतं.

नारिंगी, आरशासारखा चकाकणारा पत्रा दिसला की चिमटा बाजूला ठेवा. बारीक ब्रशचा एकच केस ठेवून त्याने स्फटिक उचलायचा. उन्हाळ्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की पातळ स्फटिक स्थिर विजेने उडून नळीच्या भिंतीला किंवा हातमोज्याला चिकटतो; मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधून काम करा. ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉन वेफरच्या तुकड्यावर तो अलगद टेकवला की पातळ स्फटिक आपोआप ओढला जाऊन सपाट बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंग एकसारखा होतो. कडेला रंगीत वलयं राहिली तर खाली हवा किंवा धूळ आहे. जाड स्फटिक असा बसतच नाही. क्रॉस पोलरायझरखाली (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवणकांमध्ये) फिरवताना संपूर्ण पत्रा एकदम काळा झाला पाहिजे; तुकड्या-तुकड्याने होत असेल तर तो एक स्फटिक नव्हे. इलेक्ट्रोड लावताना प्रवाह स्फटिकाच्या बी-अक्षाच्या दिशेने जाईल असं बघा, कारण रुब्रीनची गतिशीलता (विद्युतभार किती सहज सरकतो ते) त्या दिशेला सगळ्यात जास्त. चांगल्या स्फटिकात ती १० ते २० चौ.से.मी. प्रतिव्होल्ट-सेकंद मिळते, अमॉर्फस सिलिकॉनमध्ये १ च्या आसपास.

यंत्राच्या उणिवा आणखी दोन. आतलं काही दिसत नाही, त्यामुळे वाढ कुठवर आली हे अंदाजानेच ठरवावं लागतं. बोरोसिलिकेट नळीवर उघडी गुंडाळी असलेली पारदर्शक भट्टी यात उजवी आहे, पण ती ५०० अंशांवर भाजून साफ करता येत नाही. आणि भट्टीचे पाय सरळ पत्र्याचे आहेत. शेजारी पंप किंवा एसीचं आउटडोअर युनिट असेल तर थरथर नळीत पोचते आणि भिंतीवरचे सुटे पत्रे गळून पडतात. खाली जाड रबर द्या, पंप दुसऱ्या टेबलावर.

सेवेबद्दल मात्र तक्रार नाही. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांमुळे हीटर, पॅनेल, कंट्रोलर यांची जाण असलेले कारागीर शहरात आहेत. गुंडाळी जळली तर बदलून मिळते आणि त्यासाठी भट्टी गाडीत घालून मुंबईला पाठवावी लागत नाही. कोटेशन घेताना १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा, क्वार्ट्झ नळी वेगळी धरलीय का तेही विचारा. ती बाहेरून येते आणि वाहतुकीत फुटते, म्हणून एकदम दोन मागवा. ऑर्डरमध्ये लिहायचं ते असं: २९० आणि २१० वर, आर्गॉन चालू असताना, दर २ से.मी.चं वाचन वर्कशॉपमध्येच आपल्यासमोर घेतलं जाईल, आणि सोर्सपासून थंड टोकापर्यंत तापमान कुठेही परत चढलेलं नसेल, तरच उरलेली रक्कम दिली जाईल. सोबत एक जादा एसएसआर, दोन थर्मोकपल आणि व्हायटनच्या चार ओ-रिंग.